सिस्टरांचं लुक्का

"पण तिला वाईट नाही ना वाटणार?"

"वाटलं असतं तर बोलली असती. तोंड आहे की तिला."

पहिला आवाज रुचिताचा, दुसरा सिस्टरांचा. 'ती' म्हणजे मी. सिस्टरांचं दार नेहमीसारखं अर्धं उघडं होतं आणि मी बाहेर उभी होते. हातात त्या दोघींच्या हॉटेल बुकिंगच्या झेरॉक्स होत्या. तीन रात्री, दोन बेड, खिडकी रस्त्याच्या बाजूला. खिडकी रस्त्याच्या बाजूला हवी हे मी ठरवलं होतं, आणि हॉटेलवाल्यांना तसं इंग्रजीत कळवलंही मीच होतं.

चपला काढताना मी मुद्दाम जरा जास्त आवाज केला. आतलं बोलणं थांबलं. "ये," सिस्टर म्हणाल्या. "चहा घेणार?"

"हो."

चहाला लगेच 'हो' म्हणायला मला त्यांनीच शिकवलं होतं. आमच्या बोळिंजच्या सोसायटीत त्या नव्याने आल्या तेव्हा सेक्रेटरी काका त्यांच्याकडे मेंटेनन्सचा फॉर्म घेऊन गेले होते. मी त्यांच्यासोबत होते, कारण फॉर्म इंग्रजीत होता. सिस्टरांनी विचारलं, "चहा घेणार?" काका म्हणाले, "छे छे, नको, आत्ताच झाला." सिस्टर आत गेल्या, एक कप चहा केला, बाहेर आणला आणि काकांच्या समोर बसून स्वतः प्यायल्या. आल्याचा वास खोलीभर पसरला होता. काकांनी दोनदा आवंढा गिळला. खाली उतरताना ते मला म्हणाले, "बाई चक्रम दिसते."

बाई चक्रम नव्हत्या. त्या फक्त एकदाच विचारायच्या. एका सरकारी रुग्णालयात त्यांनी अख्खी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. "तिथे दोनदोनदा विचारत बसलं तर पेशंट तेवढ्यात रक्त सांडून मोकळा होतो," त्या म्हणायच्या. माणूस जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं, असं त्या धरून चालायच्या. वाढतानाही तेच. पोळी हवी का? नको. पोळीचा डबा बंद. त्यांच्याकडे जेवायला गेलेली अर्धी सोसायटी उपाशी परत आली असेल.

आमच्याकडे याच्या अगदी उलट. आमचं घर मूळचं गुहागरचं, आणि आईने लहानपणीच शिकवलेलं की दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा विचारलं तर नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं तर हसायचं, तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं. मी तर शाळेतही तशीच होते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणारी एक मुलगी प्रत्येक वर्गात असते. ती मी.

निवृत्तीनंतर सिस्टर एकट्याच राहत. लग्न केलं नव्हतं. वसईच्या बाजूला सिस्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी चर्चची सिस्टर येते. निर्मळला फुलं विकणाऱ्या एका म्हातारीने त्यांना एकदा भक्तिभावाने विचारलं होतं, "कुठल्या कॉन्व्हेंटच्या तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या, "मी कात्र्या देणारी सिस्टर." म्हातारीने तरीही दोन अबोलीचे गजरे जास्त दिले, आणि सिस्टरांनी ते घेतले. कुणी काही दिलं तर त्या कधी नको म्हणत नसत.

तर, लुक्का.

लुक्का हे इटलीतलं एक जुनं शहर आहे. शहराभोवती तट आहे, आणि तो तट इतका रुंद आहे की त्याच्यावर झाडं लावलीयत. दुतर्फा मोठी झाडं आणि मधून रस्ता. लोक त्यावरून चालतात, सायकली चालवतात, बाकांवर बसतात. थिएटरच्या कपडे बदलायच्या खोलीत एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यात सप्टेंबरच्या पानावर या तटाचं चित्र होतं. सिस्टरांनी ऑक्टोबर उलटू दिला नाही. "पुढची तीन वर्षं आमच्या खोलीत सप्टेंबरच होता," त्या सांगायच्या. "भूलतज्ज्ञ बाई वैतागायच्या. मी म्हटलं, तारीख बघायची तर मोबाइलमध्ये बघा. भिंतीवर झाडं लावणारी माणसं कोण ते मला एकदा बघू द्या."

रोम नाही, व्हेनिस नाही. फक्त लुक्का. चार दिवस, तीन रात्री. लोक म्हणायचे, एवढ्या लांब जाताय तर एखादी टूर करा, आठ देश होतात. सिस्टर म्हणायच्या, "पोट एकदा उघडलं की ज्यासाठी उघडलं तेवढंच करायचं. आत शिरलोय म्हणून सगळंच चाचपायचं नाही."

त्यांना इंग्रजी वाचता यायचं, पण थिएटरपुरतं. मी घरून काम करते, एका कंपनीसाठी दुसऱ्यांनी लिहिलेलं इंग्रजी तपासते. संध्याकाळी सहाला लॅपटॉप मिटला की मी त्यांच्याकडे जायचे आणि लुक्काबद्दल जे सापडेल ते वाचून मराठीत सांगायचे. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. मी नकाशात रस्त्यांवरचे फोटो बघत एकेक गल्ली फिरायचे. कुठल्या कोपऱ्यावर बेकरी आहे, कुठल्या दाराला हिरवा रंग आहे, हे मला बोळिंजपेक्षा जास्त पाठ झालं होतं. बोळिंजमध्ये मी मान वर करून कधी चाललेच नाही.

सिस्टरांचा दुसरा हट्ट तालमीचा. "पोट उघडल्यावर हत्यारं शोधायची नसतात," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. म्हणून सहलीतल्या प्रत्येक दिवसाची रंगीत तालीम व्हायची. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला आतून दहा फेऱ्या मारल्या की लुक्काच्या तटाची एक फेरी होते, हे मी मोजून काढलं होतं. सिस्टर रोज सकाळी चाकांची बॅग ओढत त्या मारायच्या. बॅगेत तांदूळ. वॉचमन विचारायचा, "सिस्टर, आज कितना लुक्का हुआ?" त्या बोटं दाखवायच्या. लुक्कात एक मनोरा आहे, त्याच्या माथ्यावरही झाडं आहेत. त्यासाठी बी विंगचे सातही मजले दोनदा. लिफ्टमधून जाणारी माणसं अवघडून हसायची.

हॉटेलातल्या जेवणाची तालीम त्यांच्या स्वयंपाकघरात व्हायची. मी वेटर. हातावर नॅपकिन टाकून मी इंग्रजीत मेनू वाचायचे, त्या गंभीरपणे ऐकायच्या आणि मी पोह्यांची बशी आणून ठेवायचे. वेटर झाले की मला दोनदा विचारायची परवानगी होती. "वेटर परका," त्या म्हणायच्या. "त्याला माझा स्वभाव माहीत नाही."

एकदा आम्ही वसईच्या किल्ल्यात गेलो. माझ्या स्कूटरवर. पूर्ण दिवसाची तालीम होती: बॅग, पाण्याची बाटली, गळ्यातल्या पिशवीत पासपोर्ट, डब्यात थालीपीठ. तटाच्या एका पडक्या भागावर बसून आम्ही खाल्लं. समोर दगडांतून पिंपळ उगवला होता आणि त्याच्या मुळांनी भिंत उकलली होती. सिस्टरांनी हातातल्या थालीपीठाने तिकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "आपल्याकडे झाड भिंत फोडून येतं. त्यांनी आधीच जागा ठेवली. एवढाच फरक बघ."

त्या दिवसानंतर आठवड्याभरात मी पासपोर्टचा अर्ज भरला. घरी सांगितलं, ऑफिससाठी लागतो. पोलिसचौकशीला हवालदार आले तेव्हा आईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "हिला कुठे पाठवतायत कुणास ठाऊक, ही तर विरारला जायला घाबरते." पासपोर्ट आला तो मी कपाटात जुन्या वह्यांखाली ठेवला. सिस्टरांनाही सांगितलं नाही. मी वाट बघत होते. कारण त्यांनी एकदा सहज म्हटलं होतं, "थिएटरमध्ये दोघी लागतात. एकीने हत्यार द्यायचं, दुसरीने मोजायचं. एकटीने आत शिरू नये." दुसरी कोण, याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नव्हती.

त्यांनी विचारलं ते निर्मळहून परत येताना. दर रविवारी मी त्यांना स्कूटरवरून तिथे भाजी आणायला न्यायचे. त्या मागे बसल्या होत्या, मांडीवर वालाच्या शेंगांची पिशवी. देवळाच्या पुढच्या वळणावर त्या माझ्या हेल्मेटजवळ तोंड आणून म्हणाल्या,

"लुक्काला येतेस माझ्याबरोबर? राहायचा खर्च माझा, तिकीट तुझं तू काढ."

आणि मी म्हटलं, "अहो नको, मी कशाला उगाच..."

तोंडातून कसं गेलं ते कळलंही नाही. चहाला मी हो म्हणायला शिकले होते, पण हे चहापेक्षा इतकं मोठं होतं की मी थेट आईच्या वळणावर गेले. लगेच मी स्कूटर हळू केली. एखादी सायकल ओलांडून जाईल इतकी हळू. एक सायकल गेलीही, मागे केळीची पानं बांधलेली. निर्मळपासून बोळिंजपर्यंत मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होते. मी हसण्याचीसुद्धा तयारी ठेवली होती. सिस्टर मागून म्हणाल्या, "शेंगा जून आहेत ग या. सोलूनच घ्याव्या लागतील."

मी स्वतःहून बोलायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी, त्या आठवड्यात कधीही. सहा वाजता मी रोज त्यांच्याकडे जात होते. रोज वाक्य जुळवून जात होते आणि तसंच परत आणत होते. पुढच्या रविवारपर्यंत माझ्याकडे वेळ होता.

पुढच्या रविवारी रुचिता होती. निर्मळला तिच्या घरची वाडी आहे, केळी आणि भाजी. एरवी आम्हाला तिची आई भाजी द्यायची. ही कामणला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे. घरात आईशी बोलते ती त्यांची बोली मला अर्धी कळत नाही, आणि आमच्याशी बोलते ते मुंबईचं, धाडधाड. केळी मोजता मोजता तिने सिस्टरांच्या गळ्यातली पासपोर्टची पिशवी बघितली.

"हे काय, सिस्टर? सोनंबिनं काय?"

"पासपोर्ट. सवय करतेय. लुक्काला जायचंय."

"ते कुठे आलं?"

"इटलीत. येतेस?"

"येते ना," रुचिता म्हणाली. "सुट्टी टाकायला लागेल. कधी?"

मी तिथेच उभी होते, हातात वांग्यांची पिशवी. दोन वर्षं मी त्या शहराचा एकेक दरवाजा पाठ केला होता, आणि हिने ते कुठे आहे हेसुद्धा विचारलं ते केळ्यांची फणी तोडता तोडता. सिस्टर खूश झाल्या. परत येताना मागे बसून म्हणाल्या, "बघ, सरळ मुलगी आहे. विचारलं, हो म्हणाली." मी त्या दिवशी स्कूटर जोरात चालवली.

मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की रुचिता चांगली आहे. ती चांगलीच होती, हाच त्रास होता. ती मला 'मॅडम' म्हणायची, पण टोमणा म्हणून नाही. सगळ्या तालमी पुन्हा सुरू झाल्या, तिच्यासाठी. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बघायचे. सहाव्या फेरीला ती वॉचमनच्या खुर्चीवर बसून वडापाव खायची. मी असं केलं असतं तर सिस्टरांनी मला पहिल्यापासून फेऱ्या मोजायला लावल्या असत्या. तिच्याबरोबर त्या हसायच्या. हसायच्या म्हणजे मोठ्याने, डोकं मागे टाकून. त्यांना असं हसता येतं हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. एकदा तर त्यांनी तिच्या हातातला अर्धा वडापाव घेऊन खाल्ला. मी खिडकी लावून घेतली आणि ती लावल्याचंही मला स्वतःलाच हसू आलं, कारण खाली कुणालाच ते दिसलं नव्हतं.

वेटर मात्र मीच राहिले. दोन बशा आणायचे. रुचिता म्हणायची, "मॅडम, तुम्ही एवढं भारी इंग्लिश बोलता, तुम्हीच जायला पाहिजे होतं." सिस्टर म्हणाल्या, "तिला नाही आवडत जायला. विचारलं मी." मी नॅपकिन हातावर सरळ केला.

फाईल शेवटी मीच तयार केली. एकतीस पानं, प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरांत मराठी, कोपऱ्यात आकडा. विमानतळ, गाडी, स्टेशन, तट, हॉटेल, दिवस एक, दिवस दोन. त्यातलं अकरावं पान माझं लाडकं होतं. लुक्काच्या स्टेशनमधून बाहेर पडलं की सगळे मोठ्या वेशीकडे वळतात. पण समोरच हिरवळीतून एक पायवाट सरळ तटाकडे जाते. दुरून वाटतं की पुढे नुसती भिंत आहे. जवळ गेलं की तटाच्या पोटात एक वाट दिसते, आत पायऱ्या आहेत, आणि त्या चढून वर आलं की माणूस एकदम झाडांखाली निघतो. ही वाट मला शोधायला आठ दिवस लागले होते. सिस्टरांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं की तटावर चढायची एक गंमत आहे, ती तिथे गेल्यावर कळेल.

त्या निघायच्या आदल्या दिवशी फाईल द्यायला जाताना मी जिन्यात थांबले आणि अकरावं पान काढून घेतलं. त्यांची अडचण व्हावी असं मनात नव्हतं, असं मला लिहायला आवडेल. नक्की सांगता येत नाही. एवढं आठवतं की त्या झाडांखाली रुचिता आधी निघणार हे मला सहन होत नव्हतं. पान मी पासपोर्टमध्ये घडी करून ठेवलं.

आता सिस्टर बोळिंजला नाहीत, भावाकडे कऱ्हाडला राहतात. सोसायटीत त्यांचं नाव निघालं की लोक तांदळाची बॅग आणि एक कप चहा, एवढंच सांगून हसतात. मला मात्र आधी आठवते ती एक दुपार.

दोन वाजले असतील. आई हॉलमध्ये मेथी निवडत होती, मी तिच्या समोर लॅपटॉप घेऊन बसले होते. फोन वाजला. व्हिडिओ कॉल. रुचिताचा चेहरा, मागे ऊन.

"मॅडम, अहो, अकरा नंबरचं पानच नाहीये! दहानंतर डायरेक्ट बारा. बारावर लिहिलंय, 'वर आल्यावर डावीकडे वळा'. वर म्हणजे कुठून वर? आम्ही स्टेशनच्या बाहेर आहोत. मी म्हटलं, टॅक्सी करू, तर सिस्टर हलायलाच तयार नाहीत."

तिने फोन फिरवला. स्टेशनच्या फुटपाथवर सिस्टर चाकांच्या बॅगेवर ताठ बसल्या होत्या, फाईल मांडीवर.

"लिस्टमध्ये नाही ते मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "तिला विचार."

मी डोळे मिटून सांगितलं. डोळे मिटायची गरज नव्हती, पण मिटले. रस्ता ओलांडा. समोर हिरवळ. पायवाटेने सरळ, वेशीकडे वळू नका. भिंत आली असं वाटेल, तरी चालत राहा. फोनमध्ये बॅगेच्या चाकांचा आवाज येत होता. मग आवाज घुमायला लागला, म्हणजे त्या आत शिरल्या. पायऱ्या. सिस्टर मोजत होत्या. मग एकदम उजेड, आणि रुचिता ओरडली, "आईशप्पथ!"

पडद्यावर झाडं होती. नकाशातल्या फोटोंत असतात तशीच, फक्त ही हलत होती. एक म्हातारा सायकलवरून गेला. मी गेलेच नव्हते, तरी मला वाटलं, माझ्या घरात कुणीतरी मला न विचारता शिरलंय.

"कसलं भारी आहे, मॅडम! बघा ना!" रुचिता फोन गोल फिरवत होती. मग तिच्या हातून तो सिस्टरांनी घेतला. त्यांचा चेहरा अगदी जवळ आला. डोळे ओले होते, पण आवाज थिएटरमधला.

"अकरावं पान तू मुद्दाम काढलंस का?"

"अहो सिस्टर," मागून रुचिता म्हणाली, "राहिलं असेल चुकून, एवढं काय—"

"तुला नाही विचारलं."

 समोर आईचा मेथी निवडणारा हात थांबला होता. ती माझ्याकडे बघत होती. 'प्रिंटरमध्ये अडकलं असेल' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, आणि रुचिताने ते मानलंही असतं.

"हो," मी म्हटलं. "मुद्दाम काढलं. मला यायचं होतं, सिस्टर. तिच्या जागी मी हवी होते."